अस्लीप ॲट द व्हील: पन्नास वर्षांतलं आधी काय ऐकावं?

वेस्टर्न स्विंग म्हणजे अमेरिकन कंट्री संगीतातला नाचाचा, जॅझच्या अंगाने जाणारा प्रकार. तो ऐकायला घेतला की दोन नावं टळत नाहीत: बँडप्रमुख बॉब विल्स आणि अस्लीप ॲट द व्हील हा बँड. विल्स १९७५ साली गेले. अस्लीप ॲट द व्हील १९७० साली सुरू झाला आणि पन्नाशी ओलांडूनही गावोगाव मैफली करत राहिला. नवख्या श्रोत्याची पंचाईत इथेच होते. वीसहून जास्त स्टुडिओ अल्बम, शिवाय मैफलींची ध्वनिमुद्रणं आणि निवडक गाण्यांचे संच. आजवर ऐंशीहून अधिक वादक-गायक बँडमध्ये येऊन गेले. सुरुवातीपासून टिकलेला माणूस एकच, सहा फूट सात इंच उंचीचे गायक-गिटारवादक रे बेन्सन. त्यामुळे १९७५चा बँड आणि २००९चा बँड यांत नाव एक असलं तरी आवाज वेगळे आहेत, वादक वेगळे आहेत आणि हेतूही वेगळा आहे.

सुरुवातीला ऐकण्यासाठी सहसा चार अल्बम सुचवले जातात. त्यांपैकी कुठला कोणी आधी घ्यावा, एवढाच या आढाव्याचा विषय आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: ज्याला बँड समजून घ्यायचा आहे त्याने ‘टेक्सास गोल्ड’पासून सुरुवात करावी. बहुतेक ठिकाणी मोठमोठ्या पाहुण्या गायकांचे अल्बम पहिल्यांदा सुचवले जातात. ते उत्तम आहेत, पण त्यांची जागा दुसरी.

| अल्बम | वर्ष | पुढे कोण गातं | कोणी घ्यावा |
|---|---|---|---|
| टेक्सास गोल्ड | १९७५ | बँडमधलेच तीन गायक | बँडचा स्वतःचा बाज हवा असेल तर |
| राइड विथ बॉब | १९९९ | जवळपास प्रत्येक गाण्यात नवा पाहुणा | कंट्रीची मोठी नावं ओळखीची असतील तर |
| विली अँड द व्हील | २००९ | विली नेल्सन | संथ, मुरलेली गायकी आवडत असेल तर |
| हाफ अ हंड्रेड इयर्स | २०२१ | जुने-नवे सदस्य आणि पाहुणे | बाकीचं थोडं ऐकून झालं असेल तर |

कानाला आधी काय माहीत हवं

हा प्रकार १९३०च्या दशकात टेक्सास आणि ओक्लाहोमातल्या नाचाच्या हॉलमध्ये घडला. फोर्ट वर्थमधल्या एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी १९३१ साली लाइट क्रस्ट डोबॉइज नावाचा रेडिओवरचा बँड उभा राहिला. त्यात बॉब विल्स फिडल वाजवत आणि मिल्टन ब्राउन गात. पुढे दोघांनी आपापले बँड काढले. ब्राउन यांच्या बँडमधल्या बॉब डन यांनी जानेवारी १९३५मध्ये विजेवर चालणारी स्टील गिटार ध्वनिमुद्रणात आणली. त्याच वर्षी सप्टेंबरात विल्स यांनी डॅलसमध्ये टेक्सास प्लेबॉइज या आपल्या बँडचं पहिलं ध्वनिमुद्रण केलं, तेही ड्रमसह. कंट्री बँडमध्ये ड्रम ही तेव्हा भुवया उंचावणारी गोष्ट होती.

स्टील गिटार मराठी कानाला परकी नाही. व्हॅन शिपले यांच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्डमधून आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रांतून आपल्याकडे जी ‘हवाईयन गिटार’ पोहोचली, तिचंच हे भावंड. आडवी ठेवायची आणि तारांवर धातूची पट्टी सरकवायची. आपल्याकडे ती गाण्याची चाल वाजवते. वेस्टर्न स्विंगमध्ये ती चालही वाजवते आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या ताफ्यासारखे भरगच्च कॉर्डही (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर) देते. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण बहुतेकदा दोन फिडल एकाच चालीवर वर-खालच्या सुरांत जोडीने चालतात. विल्स यांच्या रेकॉर्डमध्ये गाणं चालू असताना त्यांची आरोळी ऐकू येते, वादकाचं नाव घेऊन ते त्याला पुढे बोलावतात. बैठकीत गायक हार्मोनियमवाल्याकडे हात करून जागा मोकळी करतो, तसंच हे. बेन्सन यांनी ही पद्धत जपली आहे.

बँडची पूर्वकथा थोडक्यात. बेन्सन मूळचे फिलाडेल्फियाचे. स्टील गिटारवादक लकी ओशन्स आणि गायक-गीतकार लिरॉय प्रेस्टन यांच्यासोबत त्यांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉ पॉ या गावाजवळच्या शेतावर १९७०मध्ये बँड सुरू केला. गायिका क्रिस ओकॉनेल लवकरच आल्या, नंतर पियानोवर फ्लॉइड डॉमिनो. कमांडर कोडी यांच्या बँडच्या सांगण्यावरून मंडळी कॅलिफोर्नियात ओकलंडला गेली. पहिला अल्बम १९७३चा. १९७४मध्ये त्यांनी ऑस्टिनला मुक्काम हलवला आणि ते कायमचे टेक्सासचे झाले.

टेक्सास गोल्ड (१९७५)

कॅपिटॉल कंपनी, दहा गाणी, निर्माते टॉमी ऑलसप. ऑलसप यांनीच बँडचा पहिला अल्बम केला होता, आणि डिसेंबर १९७३मध्ये विल्स यांचं शेवटचं ध्वनिमुद्रणही त्यांच्याच देखरेखीखाली झालं. म्हणजे जुन्या प्लेबॉइजना आणि या लांब केसांच्या पोरांना ध्वनिमुद्रित करणारा माणूस एकच होता. कोणता आवाज काचेसारखा स्वच्छ ठेवायचा आणि कुठे हॉलमधली धूळ राहू द्यायची, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पहिलंच गाणं ‘द लेटर दॅट जॉनी वॉकर रेड’. बेन्सन आणि ओकॉनेल यांचं हे द्वंद्वगीत बिलबोर्डच्या कंट्री यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. एवढं यश बँडच्या दुसऱ्या कुठल्या गाण्याला मिळालं नाही. ‘बम्प बाउन्स बूगी’ क्रिस ओकॉनेल यांचं. त्यांचा आवाज रुंद आहे, त्यात गोडवा लावलेला नाही आणि खालच्या सुरांतही तो बसत नाही. ‘रोल एम फ्लॉइड’ पियानोची मजा. ‘फॅट बॉय रॅग’ ही विल्स यांची धून, तिच्यात फिडल, स्टील आणि गिटार आळीपाळीने पुढे येतात. मग ‘नथिंग टेक्स द प्लेस ऑफ यू’ हे १९६७चं सोल गाणं, ‘ट्रबल इन माइंड’ हा जुना ब्लूज आणि शेवटी एक भक्तिगीत.

काहींना हीच खोट वाटते. सगळी दहा गाणी निखळ स्विंगची हवी असतील तर हा अल्बम इकडून तिकडे उड्या मारल्यासारखा वाटेल. आमच्या मते त्याची ताकद तीच. विल्स यांचा बँडही एका रात्रीत ब्लूज, पोल्का, जॅझ आणि फिडलवरचे जुने नाच वाजवायचा. समोर नाचणारी माणसं होती, त्यांना एकच चाल रात्रभर पुरत नाही. ही सवय ‘टेक्सास गोल्ड’मध्ये जशी उतरली आहे तशी पाहुण्यांच्या अल्बममध्ये उतरत नाही, कारण तिथे विषयच विल्स यांची गाणी हा आहे.

हा आवडला तर पुढचे तीन अल्बम सलग घ्या. ‘व्हीलिन अँड डीलिन’ (१९७६) मध्ये ‘रूट ६६’ आणि ‘माइल्स अँड माइल्स ऑफ टेक्सास’ आहेत, ही गाणी बँडच्या मैफलीत नेहमीची. ‘द व्हील’ (१९७७) मध्ये बँडच्या स्वतःच्या रचना जास्त आहेत. त्यातलं प्रेस्टन यांचं ‘माय बेबी थिंक्स शीज अ ट्रेन’ पुढे रोझॅन कॅश यांनी गाऊन १९८१मध्ये कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं. ‘कोलिजन कोर्स’ (१९७८) मध्ये काउंट बेसी यांचं ‘वन ओक्लॉक जम्प’ आहे. बँडला पहिला ग्रॅमी त्यावर मिळाला. त्या काळात बासवर टोनी गार्नियर होते, पुढे ते बॉब डिलन यांच्या बँडमध्ये कित्येक दशकं राहिले.

राइड विथ बॉब (१९९९), आणि त्याआधीचा १९९३चा

१९८०मध्ये लकी ओशन्स बाहेर पडून ऑस्ट्रेलियाला गेले आणि पुढची काही वर्षं बँडला जड गेली. १९८७चा ‘टेन’ आणि १९८८चा ‘वेस्टर्न स्टँडर्ड टाइम’ यांनी तो पुन्हा उभा राहिला. या दोन्हींत वाद्यसंगीताचा एकेक ग्रॅमी आहे: ‘स्ट्रिंग ऑफ पार्स’ आणि ‘शुगरफूट रॅग’. बाकी तो काळ घाईत ओलांडला तरी चालेल.

१९९३मध्ये बेन्सन यांनी विल्स यांच्या गाण्यांचा मोठा मानवंदना-अल्बम केला. गार्थ ब्रुक्स, डॉली पार्टन, जॉर्ज स्ट्रेट, मर्ल हॅगर्ड, विली नेल्सन, लाइल लव्हेट, विन्स गिल अशी फौज होती. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे टेक्सास प्लेबॉइजचे एल्डन शॅम्बलिन आणि जॉनी गिम्बल त्यात वाजवतात. सहा वर्षांनी आला ‘राइड विथ बॉब’. त्यात ड्वाइट योकम ‘न्यू सॅन अँटोनियो रोझ’ गातात, द डिक्सी चिक्स ‘रोली पोली’, रीबा मॅकएन्टायर ‘राइट ऑर राँग’, लाइल लव्हेट आणि शॉन कोल्विन ‘फेडेड लव्ह’.

या दोन्हींत निवड करायची तर ‘राइड विथ बॉब’ एकसलग ऐकायला बरा. ध्वनिमुद्रण जास्त मोकळं आहे, गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावला आहे आणि सिंडी कॅशडॉलर यांची स्टील गिटार या अल्बमला एक धागा देते. १९९३च्या अल्बममध्ये वादन कुठे कुठे त्याहून सरस आहे, विशेषतः शॅम्बलिन आणि गिम्बल असतात तिथे. वाद्यांसाठी ऐकणाऱ्याने १९९३चा घ्यावा, गाण्यांसाठी ऐकणाऱ्याने १९९९चा. २०१५मध्ये ‘स्टिल द किंग’ हा याच धर्तीचा तिसरा अल्बम आला. तो पहिल्या दोघांनंतर.

मग हे आधी का नकोत? दर तीन मिनिटांनी गायक बदलतो. पाहुणा मोठा असला की मिक्सिंगमध्ये त्याचा आवाज वर येतो आणि बँड मागे जातो. अस्लीप ॲट द व्हीलची ओळख करून घ्यायला बसलेला माणूस शेवटी ड्वाइट योकम लक्षात ठेवून उठतो. पण आधीपासून कंट्री ऐकणाऱ्याला, ज्याला हे आवाज घरचे वाटतात, त्याच्यासाठी याहून सोपं दार नाही. त्याने खुशाल इथूनच आत यावं.

विली अँड द व्हील (२००९)

निर्माते जेरी वेक्सलर यांच्या मनात ही कल्पना १९७०च्या दशकापासून होती, तेव्हा विली नेल्सन त्यांच्या ॲटलांटिक कंपनीसाठी गात होते. गाण्यांची यादी त्यांनी जपून ठेवली होती. अल्बम ऑस्टिनमध्ये झाला, पण तो बाजारात येण्याआधीच २००८मध्ये वेक्सलर गेले.

बारा गाणी, बहुतेक १९२० ते १९४०च्या दशकांतली. तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात असलेले विली शब्द ठेक्याच्या जरा मागे सोडतात. ओळ सुरू व्हायला हवी तिथे होत नाही, मग घाईने तीन शब्द एकत्र येतात आणि समेला सगळं पुन्हा जुळतं. ठुमरीत लयीशी असा खेळ ऐकलेल्या कानाला ही गंमत लगेच कळेल. त्यांच्या मागे बँड मात्र एक सूतही हलत नाही. गायक इतका सैल राहू शकतो तो त्यामुळेच. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट यांमुळे अल्बमला न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझचा रंग आहे.

वेस्टर्न स्विंग कुठून आलं हे ज्याला पाहायचं आहे त्याला हा अल्बम सगळ्यात उपयोगी. ‘कोरीन कोरीना’ १९२८मध्ये बो कार्टर यांनी पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं, ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ १९३०मध्ये मिसिसिपी शेक्स यांनी. दोन्ही मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय कलावंतांची. विल्स यांनी ती आपल्या बँडमध्ये आणली आणि पुढच्या पिढ्यांना ती कंट्रीची म्हणून माहीत झाली. मूळ ध्वनिमुद्रणं आणि हा अल्बम पाठोपाठ ऐकण्यासारखे आहेत.

तोटा एकच, पण लक्षात घेण्याजोगा: नाचाचा जोश इथे कमी आहे. ‘टेक्सास गोल्ड’मधला दणका अपेक्षित असेल तर हा अल्बम मवाळ वाटेल.

हाफ अ हंड्रेड इयर्स (२०२१)

पन्नाशीचा अल्बम, १९ गाणी. ओशन्स, प्रेस्टन, ओकॉनेल आणि डॉमिनो हे जुने सदस्य त्यासाठी परत आले. जॉर्ज स्ट्रेट, विली नेल्सन, लाइल लव्हेट, एमिलू हॅरिस पाहुणे. तो आधी ऐकू नका, कारण कोण परत आलं आहे हे माहीत नसेल तर अर्धा आनंद निसटतो. शिवाय तो लांब आहे. मधली काही गाणी गाळून ऐकलं तरी बिघडत नाही.

एकच गाणं, दोन काळ

पूर्ण अल्बम ऐकायला वेळ नसेल तर निर्णय घ्यायची सोपी रीत आहे. बँडने काही गाणी पुन्हा पुन्हा केली आहेत, त्यांच्या जोड्या लावा.

‘टेक मी बॅक टू टल्सा’ पहिल्या अल्बममध्ये (१९७३) आहे आणि २०२१मध्ये स्ट्रेट-नेल्सनसोबत आहे. ‘ब्लूज फॉर डिक्सी’ १९७६मध्ये बँडचं स्वतःचं आहे, १९९३मध्ये लाइल लव्हेट यांच्या आवाजात, आणि त्या दुसऱ्याला ग्रॅमी आहे. ‘कोरीन कोरीना’ १९९३मध्ये ब्रुक्स अँड डन गातात, २००९मध्ये विली. ‘रोली पोली’ १९८८ आणि १९९९.

यांतल्या दोन जोड्या ऐकल्या की तुमचा कल कळतो. जुनं रूप आवडलं तर सत्तरच्या दशकात जा, नवं आवडलं तर १९९३ आणि १९९९ घ्या.

ऐकताना हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून बास ऐकूच येत नाही. उभ्या बासचा सगळ्यात खालचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा असतो, एवढासा स्पीकर तिथवर पोहोचत नाही. वेस्टर्न स्विंगची चाल तर बासवर उभी आहे. चार मात्रांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास, दुसऱ्या आणि चौथ्यावर ड्रम. मध्येच वाद्याचा एकल तुकडा सुरू झाला की बास चारही मात्रांवर चालू लागतो आणि गाणं एकदम पुढे झेपावतं. ही उडी ऐकू आली नाही तर सगळी गाणी एकसुरी वाटतात आणि श्रोता तिसऱ्या गाण्यावर कंटाळतो.

स्ट्रीमिंगवर शोधताना तीन ठिकाणी गडबड होते. बँडच्या नावाचाच अल्बम १९७४मध्ये आला आहे, त्यामुळे शोधात बँड की अल्बम हे कळत नाही. गाजलेल्या गाण्यांच्या संचांत बऱ्याचदा मैफलीतली किंवा नंतर नव्याने केलेली रूपं असतात, म्हणून गाण्याखालचं वर्ष आणि कंपनीचं नाव बघा. सत्तरच्या दशकातलं मूळ हवं तर १९७५ ते १९७९ आणि कॅपिटॉल हे दोन्ही जुळले पाहिजेत. आणि डिक्सी चिक्सनी २०२०मध्ये आपलं नाव बदलून द चिक्स केलं आहे.

आधी बॉब विल्स ऐकू का?

हा प्रश्न हमखास येतो. आमचं उत्तर: नको, ‘टेक्सास गोल्ड’ झाल्यावर. विल्स यांच्या १९३५ ते १९४१च्या रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तीन मिनिटांच्या आत गाणं संपवणाऱ्या. आवाज अरुंद आहे, आणि सवय नसलेल्या कानाला त्यातली वाद्यं वेगळी करता येत नाहीत. आधी तीच वाद्यं स्वच्छ ऐकली असतील तर जुन्या रेकॉर्डमध्ये ती आपोआप सापडतात.

विल्स यांच्यातही निवड करायची तर ‘टिफनी ट्रान्सक्रिप्शन्स’ घ्या. १९४६-४७मध्ये कॅलिफोर्नियात, रेडिओ केंद्रांना पाठवण्यासाठी हे ध्वनिमुद्रण झालं. दुकानात विकायचं नव्हतं, त्यामुळे वादकांनी हात मोकळा सोडला. ‘फॉर द लास्ट टाइम’ (१९७४) हे शेवटचं ध्वनिमुद्रण हृद्य आहे, पण विल्स तेव्हा व्हीलचेअरवर होते आणि पहिल्या दिवसानंतर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. दुसऱ्या दिवशी जुन्या साथीदारांनी त्यांच्याविना काम पूर्ण केलं. बेन्सन आणि मंडळी त्या सत्रात विल्स यांना भेटायला गेली होती. १९७६मध्ये ‘ऑस्टिन सिटी लिमिट्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या भागात जुने टेक्सास प्लेबॉइज आणि अस्लीप ॲट द व्हील दोघंही वाजले.

इंग्रजी गाण्यांची सवय नसेल, किंवा स्वतः वाजवत असाल

मग शब्द बाजूला ठेवून वाद्यसंगीताने सुरुवात करा. बँडच्या ग्रॅमींपैकी बरेच वाद्यसंगीताचेच आहेत. ‘वन ओक्लॉक जम्प’, ‘शुगरफूट रॅग’, ‘रेड विंग’ (१९९३च्या अल्बममधलं), ‘हायटावर’ (१९९५) आणि ‘बॉब्ज ब्रेकडाउन्स’ (१९९९) या क्रमाने ऐका. ‘हायटावर’मध्ये बेला फ्लेक यांचा बँजो आहे.

व्हायोलिन वाजवणाऱ्याने ‘फेडेड लव्ह’ घ्यावं. चाल सोपी, लय संथ, दुसऱ्या फिडलचा सूर बहुतेक वेळ मूळ चालीच्या तिसऱ्या सुरावर. आधी मुख्य चाल पक्की करा, मग दुसरी ओळ. उलट केलं तर कान सारखा मुख्य चालीकडे घसरतो.

गिटारवाल्याने एल्डन शॅम्बलिन यांची साथ ऐकावी. ते चारही मात्रांवर तीनच सुरांचा कॉर्ड वाजवतात, खालच्या तारांवर, आणि दर एक-दोन मात्रांनी त्याची जागा बदलतात, त्यामुळे कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर बाससारखा चालत राहतो. आघात झाल्याबरोबर डाव्या हाताची बोटं तारांवरच ठेवून दाब सोडायचा, म्हणजे आवाज तिथेच तुटतो. दाब सोडायला उशीर झाला की कॉर्ड एकमेकांत मिसळतात आणि नाचाचा ठेका जातो, बोटं तारांवरून पूर्ण उचलली की मोकळ्या तारा वाजतात. मिनिटाला साठ ठोक्यांवर दोनच कॉर्ड घेऊन हे जमवावं, आणि मगच वेग वाढवावा.